श्रीलंका : आईवडिलांसह मे महिन्यात जाण्यापूर्वी हा देश समजून घ्यायचा आहे

शिरोळचा मळा यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा शिरोळ तालुक्यातला असून नोकरीनिमित्त कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन श्रीलंकेला जाण्याचे ठरवत आहे. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांचे सारे आयुष्य उसाच्या शेतीत गेले आहे. आई ६४ वर्षांची असून माळकरी आहे, त्यामुळे मांस, मासे आणि अंडी तिला मुळीच चालत नाहीत.

ज्या प्रवास कंपनीकडे चौकशी केली, तिने सात दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे. त्यातील चार दिवस बेंटोटा, गॉल आणि मिरिस्सा या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांत आहेत, दोन दिवस डोंगरात आणि एक दिवस कोलंबोत खरेदीसाठी आहे. कार्यक्रमासोबत आलेल्या माहितीपत्रकात निळा समुद्र, हत्ती आणि चहाचे मळे यांची छायाचित्रे आहेत. त्या देशात पाऊस कधी पडतो, लोक काय पिकवतात, कोणती भाषा बोलतात आणि पाहुण्याने काय सांभाळावे, याविषयी मात्र त्यात एक ओळही नाही. वडिलांनी ते पत्रक पाहून एवढेच विचारले की, "तिथे पाणी कुठून येते?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून येथील जाणकारांना विनंती आहे की, त्यांनी बाहेरून येणाऱ्या माणसाला या देशाची ओळख नीट होईल असे काही सांगावे. हॉटेलांची नावे नकोत. तो देश कसा चालतो, हे निघण्यापूर्वी आम्हा तिघांना कळावे, एवढीच इच्छा आहे.

---

कळंबा तलाव यांचे उत्तर

आपल्या वडिलांनी नेमका प्रश्न विचारला आहे. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर दोनदा श्रीलंकेला जाऊन आलो. त्या अनुभवावरून खात्रीने सांगतो की, पाण्याचा मार्ग कळला की त्या देशाच्या निम्म्याअधिक गोष्टी आपोआप उलगडतात.

श्रीलंका हे विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण ६ ते १० अक्षांशांच्या दरम्यान वसलेले, सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटरचे बेट आहे. आपल्याला परिचित असा हिवाळा-उन्हाळा तेथे नाही. कोलंबोत जानेवारी असो वा मे, सरासरी तापमान २७-२८ अंशांच्या आसपासच राहते, आणि दिवसही वर्षभर जवळजवळ सारख्याच लांबीचा असतो. ऋतू बदलतो तो पावसाच्या दिशेने. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्येकडून येणारा मोसमी वारा, म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये येतो तोच, बेटाच्या दक्षिण-पश्चिम भागावर पाऊस पाडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्येचा वारा उत्तर आणि पूर्व भागाला पाऊस देतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळपास सगळीकडेच सरी येतात, आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचा धोकाही त्या सुमारास अधिक असतो.

बेटाच्या दक्षिणमध्य भागात डोंगर उभे आहेत आणि त्यांतील सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागल २,५२४ मीटरचे आहे. हे डोंगर तेथे तेच काम करतात, जे आपल्याकडे सह्याद्री करतो. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. श्रीलंकेतही दक्षिण-पश्चिमेचा साधारण चतुर्थांश भाग 'ओला पट्टा' म्हणून ओळखला जातो, जेथे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि उत्तरेचा व पूर्वेचा मोठा भाग 'कोरडा पट्टा' म्हणवला जातो. शिरोळला पाऊस कमी असूनही २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर का आला, हे आपल्या वडिलांना समजावून सांगण्याची गरज नाही. घाटमाथ्यावरचे पाणी नदीने खाली येते. तेथील सर्वांत लांब नदी, ३३५ किलोमीटरची महावेली, अशीच मध्य डोंगरात उगम पावते, कोरड्या पट्ट्यातून वाहते आणि पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळते.

आता आपल्या कार्यक्रमाकडे येतो. मेच्या अखेरीस दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर चार दिवस काढणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते. त्या सुमारास नैऋत्य मोसमी पाऊस नेमका याच किनाऱ्यावर दाखल होतो, समुद्र खवळलेला असतो आणि पोहण्यास धोकादायक असतो. मिरिस्साजवळ निळे देवमासे दिसण्याचा काळही डिसेंबर ते एप्रिल असा आहे. याउलट त्रिंकोमालीजवळच्या निलावेली आणि उप्पुवेली येथील पूर्वेचा समुद्र मे महिन्यात शांत असतो. श्रीलंकेला जाण्याचा 'योग्य महिना' कोणता, असे लोक विचारतात. माझ्या मते प्रश्न महिन्याचा नसून बाजूचा आहे, कारण बेटाची एक बाजू भिजत असते तेव्हा दुसरी बहुधा कोरडी असते.

कोरडा पट्टा म्हटल्यावर उजाड माळ डोळ्यांपुढे येऊ देऊ नये. श्रीलंकेची प्राचीन राजधानीची नगरे, अनुराधपुर आणि पोलोन्नरुव, याच पट्ट्यात उभी राहिली, आणि ती तलावांच्या बळावर उभी राहिली. तलावाला तेथे 'वेव' म्हणतात. हा शब्द संस्कृतातील 'वापी'वरून आला आहे, म्हणजे आपल्या 'बाव'चा तो भाऊबंदच आहे. लहान गावतलाव एकाखाली एक अशा साखळीने बांधलेले असतात. वरच्या तलावाच्या सांडव्याचे आणि शेतांतून निथळणारे पाणी खालच्या तलावात अडवले जाते, आणि तेथून ते पुन्हा शेतात जाते. या साखळीला 'एल्लंगाव' असे नाव आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली या पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा दर्जा दिला. मोठ्या तलावांतून पाणी सोडताना दाब आवरता यावा म्हणून धरणाच्या भिंतीत दगडी चौकोनी विहीर बांधत, तिला 'बिसोकोटुव' म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी पाण्याच्या दाबाचा हा विचार केला होता, हे पाहताना माझे मन भरून आले होते.

वडिलांना एक ठिकाण अवश्य दाखवावे, ते म्हणजे काला वेव. पाचव्या शतकात धातुसेन राजाने हा विस्तीर्ण तलाव बांधला आणि तेथून अनुराधपुरापर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा नेला. या कालव्याचा पहिल्या सत्तावीसेक किलोमीटरांतील उतार दर किलोमीटरला केवळ दहा सेंटिमीटरच्या आसपास आहे. पाट काढलेला शेतकरी हा आकडा ऐकून थबकेल. या राजाची कथा तेथे अशी सांगतात की, मुलगा कश्यप याने राज्य बळकावून खजिना कोठे आहे असे दरडावून विचारले, तेव्हा धातुसेनाने त्याला काला वेवच्या काठी नेले, ओंजळीत पाणी घेतले आणि आपली सारी संपत्ती हीच आहे असे सांगितले. कश्यपाने त्याला ठार केले. जगभरचे पर्यटक ज्या सिगिरियाच्या प्रचंड खडकाची छायाचित्रे घेतात, तो किल्ला याच कश्यपाने इसवी सन ४७७ ते ४९५ या आपल्या राजवटीत उभारला. त्यामुळे आधी काला वेव आणि मग सिगिरिया, असा क्रम ठेवावा.

सिगिरियाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पन्हाळा किंवा जोतिबा सहज चढणाऱ्यांनीही सकाळी लवकर जावे, आणि आपल्या वडिलांना गुडघ्यांचा त्रास असेल तर पायथ्याची पाण्याची उद्याने पाहून थांबण्यात काही कमी होत नाही. तेथील कारंजी पावसाळ्यात आजही चालतात.

---

शिरोळचा मळा

सर, आपले उत्तर मी रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवले. कालव्याच्या उताराचा आकडा वडिलांनी दोनदा वाचायला लावला. नंतर ते बराच वेळ राधानगरी धरणाविषयी आणि शाहू महाराजांनी त्या काळी दाखवलेल्या दूरदृष्टीविषयी बोलत होते. प्रवास कंपनीला कार्यक्रम बदलण्यास कळवले आहे. आता आईच्या जेवणाची चिंता उरली आहे.

---

राजारामपुरी सातवी गल्ली यांचे उत्तर

मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते आणि त्याही माळकरी आहेत, म्हणून ही बाजू मी सविस्तर सांगते.

श्रीलंकेचे रोजचे जेवण म्हणजे भात आणि त्याभोवती चार-पाच भाज्या. डाळ नारळाच्या दुधात शिजवलेली असते आणि तिला 'परिप्पु' म्हणतात. कोवळ्या फणसाची, म्हणजे आपल्या कोकणातल्या कुयरीची, भाजी तेथे 'पोलोस' या नावाने मिळते आणि ती इतकी मुरलेली असते की सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. मंडूकपर्णीची पाने बारीक चिरून ओल्या खोबऱ्यात कालवलेली कोशिंबीर, तांदळाचे आप्पम आणि इडिआप्पम, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, हे सारे शाकाहारी माणसाला उत्तम आहे.

मात्र एक गोष्ट कोणतेही पत्रक सांगत नाही. तेथे 'उंबळकड' नावाचा पदार्थ आहे. हा वाळवून दगडासारखा कठीण केलेला टुना मासा असून, त्याचा चुरा चवीसाठी डाळीत, भाजीत आणि विशेषतः 'पोळ संबोल' या खोबऱ्याच्या तिखट चटणीत घातला जातो. ताटात मासा दिसत नाही, आणि वाढणाऱ्यालाही ती भाजी शाकाहारीच वाटते. म्हणून नुसते 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. 'मस् एपा, माळु एपा, उंबळकड एपा' असे तिन्ही स्पष्ट सांगावे. मस् म्हणजे मांस, माळु म्हणजे मासा आणि एपा म्हणजे नको. तमिळ वस्तीत 'सैव', म्हणजे शाकाहारी, अशी पाटी असलेली खानावळ दिसली की निश्चिंत मनाने बसावे. त्रिंकोमाली, जाफना, कँडी आणि कोलंबो येथे अशा खानावळी आहेत.

गोडाच्या बाबतीत आपल्या वडिलांना आनंद होईल. तेथे गूळ उसाचा नसून मुख्यतः 'कितुल' या माडाचा असतो. आपल्याकडे त्याला भेरली माड म्हणतात. त्याच्या फुलोऱ्याचा रस काढून आटवला की आधी काकवी होते, जिला ते 'पॅणि' म्हणतात, आणि आणखी आटवला की गूळ होतो. मातीच्या पसरट मडक्यात लावलेल्या म्हशीच्या दह्यावर ही काकवी ओतून खातात. गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ बसून काकवी खाल्लेल्या कोल्हापूरच्या माणसाला हे दही परके वाटणार नाही. चवीत मात्र किंचित धुराचा वास असतो, जो मला फार आवडला.

येताना दालचिनी अवश्य आणावी. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बऱ्याचदा कॅसियाची जाड साल असते. श्रीलंकेची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ थरांच्या गुंडाळीची असते, बोटांनी मोडते आणि चवीला सौम्य व गोडसर लागते. पोर्तुगीज १५०५ साली तेथे पोचले, आणि पुढे डचांनी त्यांना हुसकावून लावले, त्यामागे याच सालीच्या व्यापाराचा मोठा वाटा होता.

मे महिन्याविषयी आणखी एक सांगायचे आहे. तेथे प्रत्येक पौर्णिमा 'पोय' म्हणून सार्वजनिक सुट्टीची असते आणि त्या दिवशी मद्यविक्री बंद असते. वैशाखी पौर्णिमेचा 'वेसाक' हा तर वर्षातील सर्वांत मोठा बौद्ध सण आहे. घरोघरी कागदी आकाशकंदील लागतात, चौकाचौकांत बुद्धाच्या जन्मकथा सांगणाऱ्या दिव्यांच्या कमानी उभ्या राहतात, आणि 'दन्सल' म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवण किंवा सरबत देणारे मांडव रस्तोरस्ती असतात. वारीच्या वाटेवर पंगत वाढणारी गावे आठवतील. आपल्या तारखांत वेसाक येत असेल तर तो चुकवू नये, मात्र त्या दिवसांत मुक्काम आणि वाहन आधीच ठरवून ठेवावे लागते.

देवळात आणि विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत, चपला आणि टोपी काढावी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे तेथे अपमानास्पद मानले जाते, आणि हा नियम परदेशी पाहुण्यांना ठाऊक नसल्यामुळे त्यांच्या हातून वारंवार मोडतो. उन्हात दगडी फरशी पाय भाजते, म्हणून आईसाठी जाड मोजे जवळ ठेवावेत.

---

सागरमाळ यांचे उत्तर

मी यंत्रे बसवण्याच्या कामासाठी जवळजवळ दोन वर्षे कोलंबोत होतो. वरील दोघांनी निसर्ग आणि अन्न यांविषयी लिहिले आहे, मी माणसांविषयी लिहितो.

लोकसंख्या सुमारे दोन कोटी अठरा लाख आहे. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश लोक सिंहली असून बहुतांश बौद्ध आहेत. उत्तरेत आणि पूर्वेत तमिळ मोठ्या संख्येने आहेत, मुस्लिम समाज बेटभर पसरलेला आहे, आणि ख्रिस्ती लोक सिंहलीही आहेत व तमिळही. सिंहली आणि तमिळ या दोन्ही राजभाषा आहेत. सिंहली लिपी गोलाकार असल्यामुळे ती द्राविडी भाषा असावी असे आपल्याला वाटते, पण ती मराठीसारखीच आर्यकुळातील भाषा आहे. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय हे आकडे म्हणून पाहावेत. आपल्या 'स'च्या जागी तेथे अनेकदा 'ह' येतो, हे कळले की 'सात'चा 'हत' ओळखू येतो, आणि साखरेच्या 'शर्करा' या मूळ शब्दापासून गुळाचा 'हकुरु' कसा झाला तेही ध्यानात येते. आभार मानण्यासाठी 'स्तुति' म्हणतात. नमस्काराला 'आयुबोवन', म्हणजे आयुष्य वाढो. मी बाजारात आकडे सिंहलीत म्हणू लागलो, तेव्हापासून दुकानदार मला स्टूल देऊन बसवू लागले.

या देशाने १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातले यादवी युद्ध सोसले आहे. शिवाय २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीत तेथे तीस हजारांहून अधिक माणसे गेली, आणि २०२२ साली परकीय चलन संपल्यामुळे इंधन आणि औषधांसाठी लोकांना रांगा लावाव्या लागल्या. आज पर्यटक निर्धास्त फिरतो आणि जाफन्यापर्यंत रेल्वेने जाता येते. तरीही युद्धाविषयी आपण होऊन विचारू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. ज्याला सांगायचे असते तो स्वतःहून सांगतो, आणि तेव्हा शांतपणे ऐकावे. माझ्या एका सहकाऱ्याने वर्षभराच्या ओळखीनंतर भावाविषयी सांगितले होते. आपण भारतातून गेलेलो असतो, आणि त्या इतिहासात आपल्या देशाचाही भाग आहे, हे विसरता येत नाही.

चहाच्या मळ्यांविषयीही थोडे. डोंगरात आधी कॉफी होती. १८६९ पासून तांबेऱ्यासारख्या बुरशीने ती नासत गेली, आणि जेम्स टेलर याने १८६७ साली लूलकोंदेरा येथे लावलेल्या चहाने तिची जागा घेतली. मळ्यांवर राबण्यासाठी इंग्रजांनी तमिळनाडूतून मजूर नेले. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४८ साली, झालेल्या कायद्याने त्यांतील लाखो लोकांचे नागरिकत्व हिरावले गेले. त्यांच्या भवितव्याविषयीचा करार १९६४ साली लाल बहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात झाला, आणि प्रश्न पुरता सुटायला त्यानंतरही अनेक वर्षे लागली. पाने खुडणाऱ्या बाईचे छायाचित्र घेण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे, आणि तिची परवानगी घ्यावी.

कँडीहून बदुल्लाकडे जाणारी रेल्वे मात्र वडिलांसाठी नक्की घ्या. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज आहेत. गाडी पट्टिपोळ येथे सुमारे १,९०० मीटरवर पोचते आणि पुढे ओहियाच्या आधी एका बोगद्यातून डोंगराच्या दुसऱ्या बाजूला उतरते. नैऋत्य पावसाच्या दिवसांत अलीकडे धुके आणि सरी, तर पलीकडे स्वच्छ ऊन असे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. सरांनी सांगितलेला वाऱ्याकडचा आणि आडोशाचा फरक पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतो. दरडींमुळे हा मार्ग अधूनमधून बंद पडतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी, आणि आरक्षण आधी करावे. डोंगरातल्या नुवर एळिय परिसरात रात्री स्वेटर लागतो.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. घड्याळ बदलावे लागत नाही आणि वाहने डावीकडूनच चालतात. प्रवासपरवाना केवळ सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावा, कारण अलीकडे नियम आणि शुल्क अनेकदा बदलले आहेत. प्राचीन स्थळांच्या तिकिटांत सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, त्यासाठी पासपोर्ट जवळ बाळगावा. श्रीलंका २०१६ साली मलेरियामुक्त जाहीर झाली, डेंग्यू मात्र आहे, तेव्हा मच्छरांपासून जपावे आणि परतल्यावर ताप आल्यास डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी.

---

शिरोळचा मळा

सर्वांचे मनापासून आभार. नवा मार्ग असा ठरला आहे : विमानतळावरून थेट अनुराधपुर, मग काला वेव आणि त्याजवळची अवुकनची उभी बुद्धमूर्ती, पुढे सिगिरिया व पोलोन्नरुव, त्रिंकोमालीला दोन रात्री, आणि शेवटी कँडी. रेल्वेची चौकशी सुरू आहे. गॉलचा किल्ला राहून जाईल याची खंत आहे, पण तो डिसेंबरनंतरच्या एखाद्या सहलीसाठी ठेवतो.

आईने एक विचारायला सांगितले आहे. अनुराधपुरच्या बोधिवृक्षाला तिने फुले वाहिली तर चालेल का, आणि गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागेल का?

---

राजारामपुरी सातवी गल्ली

माळ काढण्याची काहीच गरज नाही, माझ्या सासूबाईंनी ती घालूनच दर्शन घेतले. फुले अवश्य वाहावीत. अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून हा वृक्ष वाढला, आणि परंपरेनुसार तो इसवी सन पूर्व २८८ साली लावला गेला. वाटेवर कमळे आणि निळी कुमुदिनी विकायला असतात. बायका कमळाच्या पाकळ्या एकेक करून बाहेर दुमडतात आणि मग ते वाहतात, आईंना कोणीही शेजारी बसवून शिकवील. त्या दिवशी पांढरी साडी नेसली तर उत्तम, कारण तेथे दर्शनाला पांढरे वस्त्र घालतात. फुलांचा वास घेऊन ती वाहायची नसतात, हे मात्र तुमच्या आईंना सांगावे लागणार नाही.